‘चार्ज’चा भार

बदलीच्या वेळी आमच्या कचेरीत ‘चार्ज’ दिला-घेतला जातो. हिंदी टिपणीत त्यास ‘प्रभार’ म्हणतात. असा प्रभार सही करून घेऊन आम्ही परवा घरी आलो, तो दिल्लीत हिंदी माध्यमातून शिकणाऱ्या आमच्या चिरंजीवांनी विज्ञानाचे पुस्तक पुढे केले. प्रश्न होता, आवेश किती प्रकारचा असतो? आवेश म्हटला की आम्हांस सभेतला वक्ता आठवतो. पुस्तकातला आवेश मात्र विजेचा, धन आणि ऋण असा होता. महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तके त्यासच ‘प्रभार’ म्हणतात. म्हणजे आम्ही सकाळी सही करून घेतला तोच शब्द!

मूळ इंग्रजी शब्द लॅटिनमधील गाडीवाचक शब्दापासून आलेला. गाडीवर ओझे लादणे हा त्याचा आद्य अर्थ. पुढे अधिकाऱ्यावर काम लादले, आरोपीवर गुन्हा लादला, गिऱ्हाइकावर पैसे लादले, बंदुकीत दारू भरली. मराठीला दारिद्र्य म्हणून पाच शब्द लागतात, असे म्हणणाऱ्यांनी आपला ‘आरोप’ पाहावा. त्याचाही मूळ अर्थ वर चढविणे, ठेवणे असाच आहे. वीजबिलातला ‘स्थिर आकार’ तर घाटाशी, आकृतीशी काडीचा संबंध नसताना सुखाने नांदतो. लाठीमार हा शब्द कोणत्याही समितीवाचून रुळला, आणि तो सर्वांत नेटका आहे.

भौतिकशास्त्रापुरते आमचे मत मराठी विश्वकोशातील ‘विद्युत् भार’ या शब्दाकडे झुकते. लादण्याची मूळ कल्पना त्यात शाबूत राहते. परंतु ‘भारनियमन’ सोसलेला वाचक विचारील की, हा भार कोणता? तेथे भार म्हणजे ‘लोड’. तेव्हा पाठ्यपुस्तककारांनी ‘प्र’ जोडला, तो अगदीच अकारण नव्हे. ‘आवेश’ही चुकीचा नाही; आत शिरणे हा त्याचा संस्कृत अर्थ विजेला शोभतो.

आमची तक्रार निराळी आहे. महाराष्ट्राचे भाषा संचालनालय 1960 मध्ये आणि केंद्राचा वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग 1961 मध्ये स्थापन झाला. दोहोंनी संस्कृताचा आश्रय केला. संस्कृत शब्द आपोआप अखिल भारतीय होतो, ही समजूत त्यामागे होती. पण शब्द एक आणि अर्थ दोन, असे झाल्यावर ती कशी टिकावी? परका शब्द निदान परका म्हणून ओळखू तरी येतो. ओळखीच्या चेहऱ्याचा शब्द बेमालूम फसवितो. याचा जाच पुण्यातल्या मुलास नाही, दिल्ली-भोपाळच्या मराठी मुलास आहे. घरी आजोबा एक शब्द सांगतात, शाळेत गुरुजी दुसरा, आणि गुण गुरुजींच्या हाती.

परप्रांतीय मराठी मंडळांनी शाळकरी मुलांसाठी अशा फसव्या जोडशब्दांची एक लहानशी पुस्तिका काढावी, असे आम्हांस वाटते. परीक्षेत ‘आवेश’च लिही, असे आम्ही चिरंजीवांस सांगितले. समासात पेन्सिलीने ‘प्रभार’ लिहून ठेवला आहे.