बत्तीस बिटांची ओळ

१००००००१ ०००००००० १०१००००० ०००१०१००

चार बाइटचा, म्हणजे बत्तीस बिटांचा हा मजकूर. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ८०२.१क्यू या प्रमाणकात याला टॅग म्हणतात, आणि हे प्रमाणक पहिल्यांदा १९९८ साली आलं. कार्यालयातल्या टेबलावर आयपी फोन असतो. भिंतीतून त्याला एकच केबल येते, आणि फोनच्या पाठीमागून दुसरी निघून संगणकात जाते. फोन एका नेटवर्कात असतो, संगणक दुसऱ्यात. दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो, पण भिंतीतल्या त्या एका केबलमधून दोघांचंही बोलणं जातं. वरची ओळ अशा फोनच्या आवाजाबरोबर प्रवास करणारी आहे. ती ओळ मी इथे एखादी कविता वाचावी तशी वाचणार आहे, कारण तिच्यातली एकेक जागा विचार करून ठेवलेली आहे आणि तशा वाचनाला ती पुरून उरते.

एका केबलमधून दोन जोडण्या नेण्याचा एक जुना, हातोटीचा मार्गही आहे. नेहमीच्या नेटवर्क केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. शंभर मेगाबिटच्या इथरनेटला त्यांतल्या दोनच लागतात. नेहमीच्या रंगक्रमात त्या नारिंगी आणि हिरवी. निळी आणि तपकिरी जोडी मोकळी राहते. दोन्ही टोकांना स्प्लिटर लावून त्या मोकळ्या जोड्यांवर दुसरी जोडणी चालवता येते, आणि पुष्कळांनी ती चालवलीही आहे. पण इथे वाटणी तांब्याची होते. एका केबलचे दोन तुकडे पडतात, तिसरा पडत नाही, आणि गिगाबिटला चारही जोड्या लागत असल्यामुळे तो वेग कायमचा हातातून जातो. टॅग तांब्याला हात लावत नाही. सगळ्या तारा सगळ्यांच्याच राहतात, आणि वेगळेपण येतं ते फक्त लिहिलेल्या अक्षरांतून. मला या ओळीचं सगळ्यात मोठं सामर्थ्य वाटतं ते हे.

ही ओळ कुठे बसते तिथून वाचायला सुरुवात करायला हवी. इथरनेटवरून जाणाऱ्या प्रत्येक चौकटीच्या आरंभी सहा बाइटचा घेणाऱ्याचा पत्ता असतो, मग सहा बाइटचा पाठवणाऱ्याचा. त्यानंतर दोन बाइट आत काय आहे ते सांगतात, मग खुद्द मजकूर, आणि शेवटी चार बाइटची तपासणीची बेरीज. टॅग शिरतो तो बाराव्या बाइटनंतर, म्हणजे दोन्ही पत्ते संपल्यावर. ही जागा निवडण्यामागे केवढी समज आहे! १९९८ साली जगात असे लाखो स्विच आणि ब्रिज होते, ज्यांनी टॅग कधी पाहिला नव्हता. ते पत्ते वाचतात आणि चौकट पुढे ढकलतात. पत्ते जिथल्या तिथे राहिल्यामुळे जुन्या यंत्राला पुढचा अनोळखी मजकूर कळण्याची गरजच पडत नाही. ते पत्ता वाचतं, आणि आपल्याला न समजलेली गोष्टसुद्धा योग्य दाराशी पोचवतं.

आता पहिले सोळा बिट. सोळाच्या पायाच्या अंकलेखनात ते ८१०० होतात, दशमानात ३३०२४. इथरनेटमध्ये पत्त्यांनंतरच्या या दोन बाइटांना दोन अर्थ असू शकतात. आकडा १५०० किंवा त्याहून कमी असेल तर ती मजकुराची लांबी, आणि १५३६ किंवा त्याहून जास्त असेल तर तो मजकुराचा प्रकार. ८१०० ही संख्या या सीमेच्या खूप वर आहे, त्यामुळे लांबी म्हणून तिचा चुकीचा अर्थ लागूच शकत नाही. टॅग न कळणारा संगणक तिला अनोळखी प्रकार समजतो आणि चौकट बाजूला टाकतो. टॅग कळणारा स्विच पुढचे दोन बाइट वाचतो, आणि त्यांच्याही पुढे चौकटीचा मूळ प्रकार शाबूत सापडतो. तो पुसलेला नाही, चार बाइट पुढे सरकला आहे एवढंच.

हे कौशल्य नीट दिसायचं तर शेजारी दुसरं उदाहरण ठेवावं लागतं. त्याच काळात सिस्को या कंपनीची आयएसएल नावाची पद्धत होती. तिच्यात पूर्ण चौकट एका नव्या वेष्टनात गुंडाळली जाई. पुढे २६ बाइट, मागे ४ बाइटची नवी बेरीज, एकूण ३० बाइटांचं वेष्टन. आतल्या चौकटीला धक्का लागत नसे, हा तिचा गुण खरा. पण बाहेरून पाहणाऱ्या परक्या स्विचला त्यातलं काहीच उमगत नसे, त्यामुळे ही भाषा सिस्कोच्या यंत्रांपुरतीच राहिली. अर्धी मात्रा वाचली तर पुत्रजन्माचा आनंद मानणारे आपले व्याकरणकार ३० आणि ४ या आकड्यांकडे बघून काय म्हणाले असते, हे वेगळं सांगायला नको. माझ्या लेखी मात्र बचतीपेक्षा मोठी गोष्ट दुसरी आहे. एका ओळीनं परक्याला वाटेत सामावून घेतलं, दुसरीनं घेतलं नाही.

चार बाइटसुद्धा फुकट येत नाहीत. इथरनेटच्या चौकटीची कमाल लांबी १५१८ बाइट ठरलेली होती. टॅग लागला की ती १५२२ होते, आणि काठोकाठ भरलेली टॅगवाली चौकट प्रमाणाबाहेरची म्हणून फेकून देणारी जुनी यंत्रं होतीच. त्यासाठी ८०२.३एसी ही वेगळी दुरुस्ती १९९८ सालीच करावी लागली. जुन्यांशी राखलेल्या सलोख्याची हद्द इथे लागते.

पुढचे तीन बिट: १०१, म्हणजे पाच. हा अग्रक्रम. टॅगमध्ये नेटवर्कचा क्रमांक असणार हे उघड आहे, पण त्याच्या आधी, त्याच दोन बाइटांत, अग्रक्रमाला जागा का दिली असेल? केबलची वाटणी झाली नाही याचा दुसरा अर्थ असा की गर्दीही सामायिक झाली. संगणकानं मोठी फाइल ओढायला घेतली तर त्याच तारेतला फोनचा आवाज तुटेल. एकत्र आणल्यामुळे उद्भवणारा तंटा सोडवण्याचं साधन एकत्र आणणाऱ्या ओळीतच ठेवलेलं आहे, आणि हा योग मला फार आवडतो. शून्य ते सात अशा आठ पायऱ्या आहेत, आणि फोन आपल्या आवाजाला सहसा पाचवी देतो. त्यांत एक बारकावा आहे. एक ही पायरी शून्याच्या खाली धरली जाते. ज्यांनी काहीच मागितलं नाही ते सगळे आपोआप शून्यावर असतात, मग त्यांच्याहूनही मागे थांबायला जे राजी आहेत, सावकाश चालणाऱ्या बॅकअपसारखे, त्यांना जागा द्यायची कुठे? शून्याखाली आकडा नाही, म्हणून एक हा आकडा शून्याखाली गेला. गणिताला हे चालणार नाही, पण व्यवहाराचा विचार यात पुरता आहे.

मग येतो एकटा बिट. आपल्या ओळीत तो शून्य आहे. तो जन्मला तेव्हा त्याचं काम टोकन रिंग या वेगळ्या प्रकारच्या नेटवर्कसाठी होतं. इथरनेट प्रत्येक बाइटचा उजवीकडचा बिट आधी पाठवतं, टोकन रिंग डावीकडचा. चौकट या जगातून त्या जगात गेली तर तिच्यातले पत्ते कोणत्या क्रमानं लिहिले आहेत हे सांगणारी ही खूण होती. टोकन रिंग वापरातून गेलं आणि बिटाला सांगायला काही उरलं नाही. प्रमाणकाच्या २०११च्या आवृत्तीत त्याला नवं काम मिळालं: गर्दी हाताबाहेर गेली तर ही चौकट आधी टाकली तरी चालेल, असं सांगण्याचं. बत्तीस बिटांच्या या मजकुरात पाठभेद असलेली जागा ही एवढीच. कोणती आवृत्ती हातात आहे त्यावर तिचा अर्थ ठरतो, आणि जुन्या पोथ्या चाळणाऱ्यांना हा अनुभव चांगला ओळखीचा असेल.

उरलेल्या बारा बिटांमध्ये नेटवर्कचा क्रमांक आहे: ००००००० १०१००, म्हणजे वीस. बारा बिटांचे ४०९६ आकडे होतात. त्यांतला शेवटचा राखीव आहे. शून्य म्हणजे कोणतंच विशिष्ट नेटवर्क नाही, टॅग आहे तो केवळ अग्रक्रम सांगण्यासाठी. राहिले ४०९४. वीस या आकड्याला स्वतःचा काही अर्थ नाही. वीस म्हणजे फोन, तीस म्हणजे कॅमेरे, चाळीस म्हणजे पाहुण्यांचं वायफाय, हे त्या त्या इमारतीतल्या नेटवर्कवाल्यानं ठरवायचं आणि प्रत्येक स्विचला सांगायचं. केबलच्या एका टोकाला वीस म्हणजे फोन आणि दुसऱ्या टोकाला वीस म्हणजे कॅमेरे असं झालं तर ओळ निर्दोष असूनही अर्थ चुकेल.

टॅगच्या कल्पनेमागे डेव्हिड सिंकोस्की या अभियंत्याचं काम आहे. इथरनेटवरून आवाज नेण्याचे प्रयोग त्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला केले, आणि पुढे बेलकोअर या दूरसंचार संशोधन कंपनीत असताना इथरनेट मोठं कसं करायचं या प्रश्नाला हात घातला. चौकटींना खूण करायची, जणू एकेक रंग द्यायचा, आणि प्रत्येक रंगाचं आपलं वेगळं जाळं त्याच यंत्रांवर उभं करायचं, हा त्यांचा विचार. चेस कॉटन यांच्यासह त्यांनी या विषयावर लिहिलेला निबंध १९८८चा आहे. आवाज नेऊ पाहणाऱ्या माणसाच्या कामातून निघालेली ही वाट आज टेबलावरच्या फोनपर्यंत आली आहे, हे कळल्यावर वरची ओळ मला अधिक जवळची वाटू लागली.

आता या मजकुरातलं मौन. फोनमागचा संगणक टॅग लावत नाही, त्याला टॅग ठाऊकही नसतो. त्याची चौकट कोरी येते आणि स्विच ती कोणत्या नेटवर्कची हे ठरल्याप्रमाणे स्वतः समजून घेतो. दोन स्विचमधल्या सामायिक केबलवर, म्हणजे ट्रंकवरसुद्धा एक नेटवर्क असं बिनटॅगचं ठेवायची सोय आहे. त्याला नेटिव्ह व्हीलॅन म्हणतात; व्हीलॅन म्हणजे टॅगनं वेगळं केलेलं आभासी नेटवर्क. काही न लिहिणं हाही इथे एक निश्चित अर्थ आहे.

पण याच मौनात ओळीची दुखरी जागा आहे. त्या बिनटॅगच्या नेटवर्कात बसलेल्या कुणी एकापुढे एक असे दोन टॅग लावून चौकट पाठवली, बाहेरचा आपल्या नेटवर्कचा आणि आतला ज्यात घुसायचं त्याचा, तर पहिला स्विच बाहेरचा टॅग काढून टाकतो, कारण ट्रंकवर ते नेटवर्क कोरंच जायचं असतं. दुसऱ्या स्विचला आतला टॅग दिसतो आणि तो विश्वासानं चौकट त्या नेटवर्कात सोडतो. उत्तर परत येऊ शकत नाही, पण चौकट आत पोचलेली असते. म्हणून जाणकार ट्रंकवरच्या नेटिव्ह व्हीलॅनमध्ये कुणालाच बसवत नाहीत. या बत्तीस बिटांत कुलूप नाही, आणि टॅग कुणी लावला याचा पुरावाही नाही. या ओळीवर माझं प्रेम आहे, तरीही सांगतो: रुग्णालयातली उपकरणं आणि पाहुण्यांचं वायफाय एका केबलवर घेताना तिच्या भरवशावर डोळे मिटू नयेत. राखण करायची असते ती स्विचच्या प्रत्येक पोर्टवर, नेटवर्कवाल्यानं.

४०९४ हा आकडा एका इमारतीला भरपूर होता, पण शहरभर केबल पसरलेल्या सेवादात्याला तो अपुरा पडला. त्याचे ग्राहकही आपापले टॅग लावूनच येत. तेव्हा २००५ साली ८०२.१एडीनं ग्राहकाच्या टॅगच्या आधी सेवादात्याचा दुसरा टॅग ठेवला. बांधणी तीच, फक्त सुरुवात ८१००ऐवजी ८८ए८. घुसखोरानं फसवण्यासाठी वापरलेली रचना आणि प्रमाणकानं रीतसर मान्य केलेली रचना दिसायला जवळजवळ सारखी आहे. फरक कोण लिहितो आणि कुठे लिहितो याचा. पुढे मोठ्या डेटा सेंटरांसाठी व्हीएक्सलॅन आलं, त्याचं वर्णन २०१४ साली प्रसिद्ध झालं. त्यात नेटवर्कच्या क्रमांकाला चोवीस बिट आहेत, म्हणजे एक कोटी सदुसष्ट लाखांवर आकडे. पण त्यासाठी पूर्ण चौकट पुन्हा वेष्टनात गुंडाळावी लागते, आणि हे वेष्टन नेहमीच्या मांडणीत ५० बाइटांचं होतं. आयएसएलची पद्धत मोठ्या रूपात परतली असं म्हणता येईल, आणि तिथे ते योग्यही आहे, कारण तिथे चौकट एका केबलमधून न जाता राउटरांची सगळी वाट ओलांडते. त्याच डेटा सेंटरांत, एका सर्व्हरवर दहा-वीस आभासी यंत्रं चालतात आणि त्या सर्व्हरला स्विचकडून आलेली केबल जोडलेली असते, तिथे मात्र बाराव्या बाइटनंतर अजून बहुधा ८१००च लिहिलेलं असतं.