वगळलेला शब्द : अमेरिकी राज्यघटनेच्या संहितेचे एक वाचन

अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली फिलाडेल्फियात, २५ मे ते १७ सप्टेंबर या काळात, बंद दाराआड लिहिली गेली. ५५ प्रतिनिधी या परिषदेला कधी ना कधी हजर राहिले. ३९ जणांनी अंतिम मसुद्यावर सह्या केल्या. तीन वर्षांनी देशाची पहिली जनगणना झाली, तेव्हा गुलामांची संख्या सुमारे सात लाख भरली. तरीही मूळ घटनेत ‘गुलाम’ हा शब्द एकदाही येत नाही. या अनुपस्थितीचा अर्थ काय लावायचा, हा प्रश्न कायद्याइतकाच संहितेच्या वाचनाचा, म्हणून समीक्षेचाही आहे.

शब्द नसला तरी गोष्ट तीन ठिकाणी आहे. पहिले ठिकाण प्रतिनिधिगृहातील जागांच्या वाटपाचे. तिथे स्वतंत्र माणसांच्या संख्येत ‘इतर सर्व व्यक्तीं’च्या तीन पंचमांश संख्या मिळवायची आहे. हे ‘इतर’ म्हणजे गुलाम. या कलमाने काळा माणूस तीन पंचमांश माणूस ठरवला, असे सर्रास म्हटले जाते. पण तो हिशेब सत्तेचा होता. गुलाम पूर्ण मोजावेत, असा आग्रह दक्षिणेतील मालकांच्या प्रतिनिधींचा होता. गुलाम जितके जास्त मोजले जातील, तितक्या मालकांच्या राज्यांच्या जागा वाढणार होत्या. मत मात्र गुलामांना नव्हतेच. दुसरे कलम राज्ये ज्या ‘व्यक्तीं’ना आत घेऊ इच्छितील त्यांची आयात १८०८ पर्यंत बंद करण्यास काँग्रेसला मनाई करते आणि माणशी दहा डॉलरपर्यंत कराची मुभा देते. तिसरे कलम एका राज्यात ‘सेवेला किंवा श्रमाला बांधलेली व्यक्ती’ दुसऱ्या राज्यात पळून गेली, तर तिला हक्कदाराच्या स्वाधीन करण्यास सांगते.

ही भाषा अनवधानाने आलेली नाही. जेम्स मॅडिसनच्या टिपणांनुसार, २५ ऑगस्टला गव्हर्नर मॉरिसने (‘गव्हर्नर’ हे त्याचे नाव, पद नव्हे) आयातीच्या कलमात गुलामांचा आणि दोन्ही कॅरोलिना व जॉर्जिया या राज्यांचा सरळ उल्लेख करावा, असे सुचवले. काहींना तो शब्द रुचणार नाही, म्हणून रॉजर शर्मनला वर्णनच बरे वाटले. माणसांवर मालकी असू शकते ही कल्पना घटनेत शिरू देणे गैर होईल, असे मॅडिसनने म्हटल्याची नोंद त्याच दिवसाची आहे. १३ सप्टेंबरला मुदतीच्या करारावर राबणाऱ्या स्वतंत्र मजुरांच्या संदर्भातला ‘दास्य’ हा शब्द काढून ‘सेवा’ हा शब्द घातला गेला, कारण दास्य गुलामांचे आणि सेवा स्वतंत्र माणसाची, असे मानले गेले. पळून जाणाऱ्यांच्या कलमात मात्र ‘सेवा’ हाच शब्द गुलामांसाठी राहिला. १५ सप्टेंबरला त्या कलमातून ‘कायदेशीरपणे’ हा शब्द गाळून ‘त्या राज्याच्या कायद्यांखाली’ अशी रचना केली गेली. गुलामगिरी नैतिकदृष्ट्याही वैध आहे असा अर्थ निघू नये, अशी काहींची इच्छा होती.

मॅडिसनच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १८४० मध्ये, ही टिपणे प्रसिद्ध झाली आणि दोन परस्परविरोधी वाचने उभी राहिली. वेंडेल फिलिप्सने १८४४ मध्ये त्यांतले उतारे देऊन घटना हा गुलामगिरीच्या बाजूचा करार असल्याचे मांडले. त्याचा सहकारी विल्यम लॉइड गॅरिसन याने १८५४ च्या ४ जुलैला घटनेची प्रत जाहीरपणे जाळली. स्वतः गुलामीतून पळून आलेला फ्रेडरिक डग्लस आधी याच मताचा होता. १८५१ मध्ये त्याने मत बदलले. लिहिणाऱ्यांच्या मनात काय होते यापेक्षा कागदावर काय आहे ते वाचा, आणि कागदावर गुलाम नाही, अशी त्याची नवी भूमिका होती. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सरन्यायाधीश टॉनी याने गुलामावरील मालकी घटनेने स्पष्टपणे मान्य केल्याचा निर्वाळा दिला. तीन वर्षांनी न्यूयॉर्कमधील भाषणात लिंकनने तो खोडून काढला, तो नेमका वगळलेल्या शब्दाच्या आधारे.

आजच्या अभ्यासकांतही हाच वाद आहे. डेव्हिड वॉल्डस्ट्रायकर यांना (२००९) घटनेच्या रचनेतच गुलामगिरीचे रक्षण दिसते. शॉन विलेन्ट्झ (२०१८) यांच्या मते, माणसावरील मालकीला राष्ट्रीय कायद्यात मान्यता न देण्याने पुढच्या लढ्यासाठी दार उघडे राहिले. त्यांच्या पुस्तकाचे शीर्षकच मॅडिसनच्या त्या उद्गारावरून आले आहे. पण मेरी सेरा बिल्डर यांनी (२०१५) हस्तलिखिताच्या तपासणीवरून दाखवले की, मॅडिसनने टिपणे पुढे अनेकदा सुधारली आणि ऑगस्टच्या उत्तरार्धापासूनचा भाग १७८९ नंतर लिहून काढला. तो उद्गार याच भागातला. म्हणून विलेन्ट्झ यांचे म्हणणे कोसळत नाही, कारण शब्दाची गैरहजेरी घटनेच्या संहितेतच आहे. मात्र त्या गैरहजेरीमागच्या हेतूची साक्ष म्हणून हा उद्गार बेताने वापरायला हवा.

माझ्या मते विलेन्ट्झ यांच्या मांडणीत एक हिशेब अपुरा राहतो. उघडे राहिलेले दार उपयोगी पडले हे खरे, पण ते उपयोगी पडेपर्यंतचा काळ कोणाच्या वाट्याला आला? घटना परिषदेचा अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याने राष्ट्राध्यक्ष या नात्याने १७९३ मध्ये पळून गेलेल्यांना परत मिळवण्याच्या कायद्यावर सही केली. १७९६ मध्ये त्याच्याच फिलाडेल्फियातील घरातून ओना जज ही तरुणी निघून न्यू हॅम्पशायरला गेली. तिला परत आणण्याचे प्रयत्न फसले. पण १८४८ मध्ये वारली तेव्हाही कायद्याच्या लेखी ती गुलामच होती. ‘सेवेला बांधलेली व्यक्ती’ हे वर्णन तिचे होते. कलम अंमलात आणताना वगळलेल्या शब्दाची कोणालाच अडचण आली नाही. अडचण आली ती फक्त तिच्या बाजूने बोलू पाहणाऱ्याला. त्याला आधी ते कलम गुलामांबद्दल नाही, हे सिद्ध करावे लागे. संकोचाने पाळलेल्या मौनाचा फायदा सत्तर वर्षे मालकालाच अधिक झाला.

‘गुलामगिरी’ हा शब्द घटनेत आला तो १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीत, ती नष्ट करताना. त्यानंतर आठ वर्षांनी जोतीराव फुले यांनी आपले पुस्तक गुलामीमुक्तीच्या कार्याबद्दल अमेरिकेतील लोकांना अर्पण केले आणि त्याचे नाव ठेवले ‘गुलामगिरी’. जो शब्द फिलाडेल्फियात टाळला गेला, तो त्यांनी मुखपृष्ठावर छापला. पुढे भारतीय राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने ‘अस्पृश्यता’ हा शब्द उच्चारूनच ती नष्ट केली. व्याख्या मात्र केली नाही, आणि संविधान सभेत त्यावर आक्षेपही आला. नाव घेतल्याने अन्याय संपत नाही, हे आपण जाणतोच. पण नाव घेतलेले असले, की दाद मागणाऱ्याला निदान पहिले वाक्य तरी नव्याने सिद्ध करावे लागत नाही.