शेवट ठाऊक असलेला प्रेक्षक

रहस्यपटाचा शेवट कोणी आधीच फोडला की मंडळी हळहळतात, "आता पाहायचे काय?" आमच्या छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटाजवळ चहा घेतानाही हीच तक्रार कानी पडते. १९६० साली हिचकॉकने 'सायको'ला उशिरा येणाऱ्यांस आत सोडू नये असा दंडकच घातला होता.

मला मात्र रहस्यपटाची खरी कसोटी दुसऱ्या खेळाला लागते असे वाटते. राजा परांजप्यांचा १९६४ चा 'पाठलाग' घ्या. पत्नी वारल्याचे दुःख सोसणाऱ्या वकिलापुढे हुबेहूब तिच्यासारखी आरोपी उभी राहते आणि म्हणते, मीच तुमची बायको! प्रथम आपण नवऱ्याच्या बाजूने बसतो, तिच्या प्रत्येक शब्दात लबाडी हुडकतो. शेवट ठाऊक झाल्यावर तीच आर्जवे काळजाला घरे पाडतात. मग प्रश्न पडतो तो त्याच्याविषयी: जिच्याशी संसार केला, तिला ओळखायलाही पुरावे लागावेत?

१९६६ साली राज खोसल्यांनी यावरूनच 'मेरा साया' काढला. 'पाठलाग' पाहिलेला प्रेक्षक तिथे गुपित जाणूनच बसला असणार. तरी साधनाची तगमग त्याला उपरी वाटण्याचे कारण नव्हते.

गुपित एकदाच चकवते. अविश्वासाचा सल पुनःपुन्हा टोचतो. तेव्हा दिवाळीत पाहुण्यांसमवेत 'पाठलाग' पाहताना कोणी शेवट फोडलाच, तर रागावू नका. फराळाचे ताट पुढे करा आणि त्या बाईकडे नीट पाहा.