शोकाचीं वस्त्रें

क्रौंचाच्या जोडींतील एक पक्षी पारध्याच्या बाणानें पडला आणि तें पाहून आदिकवीच्या मुखांतून श्लोक बाहेर पडला, ही कथा आपल्याकडे लहान मुलांनाहि ठाऊक असते. परंतु ध्वन्यालोकावर टीका लिहितांना अभिनवगुप्तानें या कथेस जी सूक्ष्म पुस्ती जोडली आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाहीं. हा शोक मुनीचा स्वतःचा होता असें समजूं नये, असें तो बजावतो. मुनि स्वतःच दुःखानें व्याकुळ झाला असता तर त्यानें अश्रु ढाळले असते. काव्य त्याच्या हातून झालें नसतें.

मग ज्याचें माणूस खरोखरच गेलें आहे, त्यानें आपल्या दुःखाची कलाकृति करूं पाहिली तर काय व्हावें? गेल्या पन्नास वर्षांत हा प्रश्न एका अनपेक्षित ठिकाणीं उभा राहिला आहे: अगदीं नव्या वळणाच्या वेषकलेंत, आणि देहालाच माध्यम करणाऱ्या प्रयोगांत. फॅशन म्हणजे श्रीमंतांचा चाळा, असें म्हणून आपण तिकडे पाठ फिरवितों. परंतु तीन उदाहरणें तरी थांबून पाहण्याजोगीं आहेत.

पहिलें जपानी नर्तक काझुओ ओनो यांचें. १९२९ सालीं टोकियोंत त्यांनीं ‘ला आर्हेंतिना’ या नांवानें गाजलेल्या अंतोनिया मेर्से हिचें स्पॅनिश नृत्य पाहिलें. ती १९३६ सालीं वारली. ओनो यांचीं पुढचीं कित्येक वर्षें सैन्यांत, चीन आणि न्यू गिनी येथें गेलीं. १९७७ सालीं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, ते जुन्या धर्तीचा बायकी पोशाख व टोपी घालून, तोंडाला पांढरा रंग फांसून रंगभूमीवर आले आणि त्यांनीं त्या नर्तकीला आपल्या नृत्यानें वंदन केलें. १९८१ सालीं ‘माझी आई’ या नांवाचा प्रयोगहि त्यांनीं केला. या वेषांतराला सोंग म्हणतां येत नाहीं. सोंगांत मूळचें माणूस लपावें लागतें. येथें तें लपत नाहीं. सुरकुतलेल्या हातांवरून तो पोशाख ओघळतो, आणि वृद्ध पुरुष व गेलेली तरुणी यांमधील अंतर प्रेक्षकाला सारखें दिसत राहतें. तें अंतर म्हणजेच शोक. जवळजवळ अर्धशतक मनांत मुरल्यावर तो बाहेर आला, म्हणूनच त्याचें रडगाणें झालें नाहीं.

दुसरें उदाहरण लंडनचे वेषकार अलेक्झांडर मॅक्वीन यांचें. १९९२ सालीं विद्यार्थिदशेच्या अखेरीस त्यांनीं केलेला सबंध वस्त्रसंग्रह इझाबेला ब्लो या बाईंनीं विकत घेतला आणि त्यांना जगापुढें आणलें. मे २००७ मध्यें बाईंनीं आत्महत्या केली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत पॅरिस येथें मॅक्वीन यांनीं आपलें प्रदर्शन त्यांच्या स्मृतीला वाहिलें. बाईंना टोप्यांचें वेड. ते टोपीकार फिलिप ट्रेसी यांनीं पुरविलें होतें, आणि तेहि या कामांत सहभागी झाले. टर्कीच्या पिसांवर हातानें रंगवून केलेल्या फुलपांखरांचा थवाच्या थवा त्यांनीं एका शिरोभूषणांत बसविला. कौशल्य अप्रतिम आहे यांत शंका नाहीं. परंतु आम्हांस वाटतें कीं, येथें शोकापेक्षां गुणगौरव अधिक आहे. गेलेल्या बाईंची आवड तेथें दिसते; त्यांच्या जाण्यानें पडलेली पोकळी पिसांच्या झळाळीखालीं झांकून जाते. पांच महिन्यांत याहून निराळें कांहीं व्हावें अशी अपेक्षा करणेंहि कदाचित् निर्दयपणाचें ठरेल. आणि कलेनें दुःख धुवून निघतें असें जे सहज म्हणतात, त्यांनीं पुढची हकीकत विसरूं नये. फेब्रुवारी २०१० मध्यें आई वारल्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनीं मॅक्वीन यांनीं स्वतःचें जीवित संपविलें. कलाकृति उत्तम साधली म्हणजे कलावंत सुखरूप राहतो, असें मुळींच नाहीं.

तिसरें उदाहरण रेई कावाकुबो या जपानी बाईंचें, आणि तेंच आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें. मार्च २०१५ मध्यें पॅरिसला त्यांनीं जो वस्त्रसंग्रह मांडला, त्याचा विषय होता वियोगाचा विधि. निरोप देण्याच्या समारंभांत जें सौंदर्य व जें बळ असतें, त्यानें जाणाऱ्याचें आणि राहणाऱ्याचेंहि दुःख हलकें होतें, एवढाच त्यांच्या निवेदनाचा आशय. पांढऱ्या, काळ्या व सोनेरी रंगांचीं, जाळीदार कापडाचीं तीं प्रचंड वस्त्रें म्हणजे जणूं माणसाभोंवतीं बांधलेलीं गाठोडींच. तीं ल्यालेल्या स्त्रिया अरुंद वाटेवरून संथपणें चालत येत, समोरासमोर येतांच क्षणभर थबकत, एकमेकींकडे पाहत, आणि आपापल्या दिशेनें निघून जात. कोण गेलें, कोणाचें गेलें, हें कोठेंच सांगितलेलें नाहीं. अभिनवगुप्ताची अट येथें पुरी झालेली दिसते: या शोकाला मालक नाहीं, म्हणून पाहणारा प्रत्येक जण त्यांत आपलें माणूस ठेवूं शकतो.

यावर कोणी म्हणेल, हा शोकाचा बाजारच नव्हे काय? आक्षेप खोटा नाहीं, आणि नवाहि नाहीं. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर १८४१ सालीं सुतकी कपड्यांचें एक भलें मोठें दुकान निघालें होतें, आणि १८६१ सालीं विधवा झालेल्या व्हिक्टोरिया राणीनें चाळीस वर्षें काळा वेष वापरून त्या व्यापाराला जणूं राजमान्यताच दिली. कावाकुबो बाईंची संस्थाहि व्यापारीच आहे. परंतु तीं गाठोडीं नेसून कोणी बाजारांत जाईल हें संभवत नाहीं. सुतकी पोशाखाप्रमाणें तीं रीत पाळण्यासाठीं केलेलीं नाहींत. शिवाय शोकाच्या वेषाविषयीं बोलतांना आपण तरी जपूनच बोलावें. केशवपन करून स्त्रीला तांबडें आलवण नेसविणारा समाज शोकाला वेष देतच होता. फक्त त्या वेषांत तिचें दुःख कसें आहे हें तिला कोणी विचारीत नव्हतें. लादलेला शोकवेष माणसाला पुसून टाकतो. स्वतः घडविलेला शोकवेष, तो कितीहि विक्षिप्त दिसो, माणसाला पुन्हां बोलतें करतो. आमच्या मतें या नव्या कलेचें खरें समर्थन हेंच आहे.

आमच्या घरीं आईच्या जुन्या लुगड्यांची एक गोधडी आहे. तिच्या माघारीं बहिणींनीं ती शिवली. शिवतांना त्या रडल्या असतील, परंतु टांका कोठें वाकडा गेलेला नाहीं. परवां एक पाहुणा मुलगा ती पांघरून निजला. ती कोणाच्या लुगड्यांची, हें त्याला ठाऊक नव्हतें, आणि आम्हींहि सांगितलें नाहीं. थंडी मात्र त्याची राहिली. शोकाच्या कलाकृतीकडून याहून अधिक कांहीं मागावें असें आम्हांस वाटत नाहीं.