वृद्धिघटक आणि शस्त्रक्रियेची जखम : एका उपपत्तीचे मूल्यमापन

जखम भरून येणे हे पेशींना मिळणाऱ्या रासायनिक संदेशांचे कार्य होय, ही उपपत्ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दृढमूल झाली. स्टॅन्ली कोहेन यांनी 1962 मध्ये उंदराच्या लालाग्रंथीतून एक प्रथिन वेगळे केले. त्याची ओळख जखमेवरून नव्हे, तर नवजात पिलांचे डोळे वेळेआधी उघडण्यावरून पटली. पुढे तेच बाह्यत्वचेचा वृद्धिघटक म्हणून प्रसिद्धीस आले. बिंबाणूंमधून, म्हणजे प्लेटलेटमधून, मिळणारा घटक रोहिणीच्या स्नायुपेशींची वाढ घडवितो, हे रसेल रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 मध्ये दाखविले. कोहेन आणि रीता लेव्ही-माँताल्चिनी यांना 1986 चे नोबेल पारितोषिक मिळाले. मूळ उपपत्तीविषयी आज वाद नाही. वाद आहे तो तिच्यावरून घाईने काढल्या जाणाऱ्या अनुमानाविषयी : हे घटक जखम भरतात, तेव्हा ते बाहेरून लावले म्हणजे कोणतीही जखम अधिक लवकर भरेल.

प्रथम स्वच्छ छेदाची जखम घ्यावी. रक्त गोठताच बिंबाणू हे घटक मोकळे करतात. मागाहून आलेल्या महाभक्षी पेशी तो पुरवठा चालू ठेवतात. तंतुजनक पेशी कोलॅजेन निर्माण करतात. सुदृढ रोग्याच्या अशा जखमेत वृद्धिघटकांची उणीव सहसा नसते. सुमारे 3 महिन्यांनी ती मूळ त्वचेच्या सुमारे 80 टक्के बळ मिळविते व पुढेही पूर्ण बळ मिळवीत नाही. कारण कोलॅजेनच्या धाग्यांची फेररचना होण्यास काळच लागतो. शिवाय वाढ म्हणजे भरणे नव्हे. कोलॅजेन अतोनात झाले तर उंच, जाड वण उरतो.

मधुमेही पायातील पू काढून उघडी ठेवलेली जखम मात्र निराळी. तेथे घटक असूनही प्रथिनभेदी एंझाइमे त्यांचा नाश करतात, आणि थकलेल्या पेशी त्यांस प्रतिसाद देत नाहीत. बिंबाणुजन्य घटकाचे बेकाप्लरमिन हे जेल अमेरिकेत 1997 मध्ये मान्य झाले ते मधुमेही पायाच्या व्रणासाठी, आणि तेही रक्तपुरवठा पुरेसा असेल तरच. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 382 रोग्यांच्या चाचणीत त्याने 50 टक्के, तर औषधहीन जेलने 35 टक्के व्रण पूर्ण भरले. हा लाभ खरा आहे. परंतु 35 टक्के व्रण केवळ नीट केलेल्या शुश्रूषेने भरले, हेही तितकेच खरे. 1996 च्या एका अभ्यासात तर मृत ऊतक जेथे वारंवार छाटले गेले त्या केंद्रांत फळ अधिक चांगले आले, व जेथे छाटणी कमी तेथे औषधाचाही गुण कमी दिसला. सुश्रुताने शुद्ध व दुष्ट व्रण असा भेद करून आधी शोधन व मग रोपण सांगितले, तो क्रम येथे आठवावा.

या विवेचनाचे महत्त्व अहमदनगर, म्हणजे 2024 पासूनचा अहिल्यानगर, जिल्ह्यात विशेष आहे. लोणी येथे 1984 पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय चालू आहे. सभोवार प्रवरेच्या पाण्यावरचा ऊस आहे. ऊसतोडीवर जाणाऱ्या मधुमेही मजुरास पाय टेकू नकोस असे सांगणे म्हणजे हंगामाची मजुरी सोड असे सांगणे होय. त्याला महाग जेल देऊन पायावरचा भार तसाच ठेवला, तर पैसा जातो आणि पायही जाऊ शकतो.

रोग्याच्याच रक्तातून काढलेला बिंबाणुसमृद्ध रक्तद्रव हा स्वस्त पर्याय म्हणून पुढे येतो, व प्रबंधांना तो सोयीचा विषय वाटतो. पण तो एकच एक पदार्थ नव्हे. बिंबाणूंची संख्या, श्वेतपेशींचे प्रमाण व बिंबाणू कार्यप्रवृत्त करण्याची रीत बदलली की पदार्थच बदलतो. ज्या प्रबंधात यांची नोंद नाही, दोन्ही गटांत छाटणी, साखरेचे नियंत्रण व पायाचा भारत्याग समान राखलेला नाही, त्यातील यश कशाचे, हे ठरविता येत नाही. वृद्धिघटकांचे शास्त्र मोठे आहे. शस्त्रवैद्याच्या प्राथमिक कर्तव्याची उणीव भरून काढण्याचे काम त्याच्यावर सोपविणे हा त्या शास्त्रावर अन्याय आहे, आणि रोग्यावर त्याहून मोठा.