वाघ जिंकेल की अस्वल? : एका प्रश्नाची उलटतपासणी

वर्ग पाचवीचा असो की दहावीचा, वन्यप्राण्यांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. अकोट, परतवाडा, धारणी या भागांतल्या शाळांत तो वऱ्हाडी बोलीत येतो : "गुर्जी, वाघाची अन् अस्वलाची लागली त कोन जितीन?" अस्वलाच्या जागी कधी रानगवा असतो, कधी सिंह. शिक्षक बहुधा "वाघच!" असे उत्तर देऊन पुढे जातात, किंवा "फालतू प्रश्न विचारू नको" म्हणून गप्प बसवतात. आमच्या मते हे दोन्ही चूक आहे. प्रश्न फालतू नाही. मात्र तो ज्या साच्यात विचारला जातो तो साचा तपासून घेतला पाहिजे. या लेखात तेच करायचे आहे.

साचा कोठून आला?

दोन बलवान समोरासमोर उभे ठाकावेत आणि एकाने दुसऱ्याला चीत करावे, ही कल्पना आपल्या ओळखीची आहे. चिखलदऱ्याला भीमाने कीचकाला मारून दरीत फेकले आणि त्यावरून गावाला नाव पडले, ही कथा वऱ्हाडात लहानपणीच कानावर येते. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. कुस्ती आणि मल्लखांब इथल्या मुलांना परके नाहीत. तेव्हा मुलाच्या मनात वाघ आणि अस्वल हे दोन मल्ल होतात व जंगल हा आखाडा होतो, यात नवल नाही.

पण कुस्तीत काय काय असते ते पाहा. पंच असतो, वेळ ठरलेली असते, वजनी गट असतात. दोघेही लढण्याच्या इच्छेने आलेले असतात. हरलेला मल्ल उठून हात मिळवतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा उतरतो. जंगलात यातले एकही नाही. तिथे पंच नाही, वजनी गट नाही आणि जखमी झाल्यावर दवाखानाही नाही.

पुस्तके आणि पडदा

हा साचा अलीकडे छापील आणि दृश्य रूपात खूप खपतो. अमेरिकेत जेरी पॅलोटा यांची 'हू वुड विन?' ही बालपुस्तकांची मालिका गाजली आहे. प्रत्येक पुस्तकात दोन प्राणी, त्यांचे दात, नखे, वेग, मेंदू यांची माहिती आणि शेवटी झुंज. या पुस्तकांचे श्रेय नाकारता येणार नाही. एरवी पुस्तकाला हात न लावणारे मूल ती वाचते आणि वाचता वाचता शरीररचनेची बरीच माहिती गोळा करते. झुंजीचा हा एक संभाव्य शेवट आहे, दुसरा तुम्ही लिहा, असे लेखक सुचवतो, हेही चांगले.

२००४ साली डिस्कव्हरी वाहिनीसाठी 'अ‍ॅनिमल फेस-ऑफ' नावाची मालिका तयार झाली. तीत प्राण्यांचे जबडे आणि पंजे यांच्या यांत्रिक प्रतिकृती बनवून चाव्याचा जोर, फटक्याचा जोर मोजला जाई आणि अखेरीस संगणकावर झुंज रंगवली जाई. सिंह विरुद्ध वाघ या भागात सिंह विजयी ठरवला होता. जबडा ही तरफ आहे, स्नायूचे बळ त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, ही तत्त्वे अशा प्रयोगांतून छान समजतात. प्राण्याची लांबी दुप्पट झाली तर वजन आठपट होते, पण स्नायूचा छेद चौपटच होतो. म्हणून मोठा प्राणी वजनाच्या प्रमाणात तितका बलवान राहत नाही. नववीच्या वर्गाला हे गणित जरूर करायला द्यावे.

आमचा आक्षेप पुढच्या पायरीवर आहे. लोखंडी जबड्याचा जोर मोजता येतो, पण लोखंडी जबड्याला भूक नसते, भीती नसते, पिल्लू नसते. त्याला माघार घेता येत नाही. म्हणजे प्राण्याच्या वागणुकीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय, लढायचे की नाही, तो प्रयोगातून आधीच काढून टाकलेला असतो. मग उरते ते यंत्रांचे युद्ध. शिवाय एकदाच रंगवलेल्या झुंजीला 'निकाल' म्हणणे म्हणजे नाणे एकदा उडवून छापाच पडतो असा नियम सांगण्यासारखे आहे.

झुंज लावावी लागते

प्राण्यांच्या झुंजी प्रत्यक्षात लावल्या गेल्या नाहीत काय? लावल्या गेल्या, आणि आपल्याच मराठी राज्यकर्त्यांनीही लावल्या. बडोद्याच्या गायकवाडांच्या दरबारात हत्तींच्या साठमारीसाठी खास बांधलेले मैदान होते. खंडेराव गायकवाडांच्या कारकिर्दीत (१८५६ ते १८७०) फ्रेंच प्रवासी लुई रूसेले तेथे पाहुणा होता; हत्तींच्या आणि गेंड्यांच्या झुंजींचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : झुंज व्हावी म्हणून माणसाला फार खटपट करावी लागे. हत्ती मस्तीत यावेत यासाठी त्यांना विशेष खुराक देत, चहूबाजूंनी भिंती असत, डिवचणारी माणसे असत. पळून जाण्याची वाट बंद केल्याखेरीज लढत उभी राहत नसे. प्राण्यांना असे लढवणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरले आहे.

भिंत नसते तेव्हा

आता आपल्या जंगलाकडे येऊ. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. त्याचा मोठा भाग अमरावती जिल्ह्यात आहे. अकोला जिल्ह्यातले नरनाळा अभयारण्यही त्यातच येते. कोरकू लोक ज्याला 'कुला' म्हणतात तो वाघ इथे आहे, आणि त्याच डोंगरांत अस्वल, रानगवा, बिबट्या व रानकुत्रेही आहेत. पूर्ण वाढलेला नर वाघ साधारण १८० ते २५० किलोंचा, गव्याचा नर ७०० किलोंच्या वर, अस्वलाची मादी शंभर किलोंच्या आत, तर रानकुत्रा १५ किलोंच्या आसपास. आखाड्याच्या हिशेबाने यांतला एकच शिल्लक राहायला हवा होता. प्रत्यक्षात सगळे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात.

हे कसे जमते? के. उल्हास कारंथ आणि मेल सनक्विस्ट यांनी कर्नाटकातील नागरहोळेच्या जंगलात अभ्यास करून १९९५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वाघाच्या भक्ष्याचे सरासरी वजन सुमारे ९२ किलो, रानकुत्र्यांच्या भक्ष्याचे ४३ आणि बिबट्याच्या भक्ष्याचे ३८ किलो भरले. आहाराची ही वाटणी आणि एकमेकांना चुकवून वावरण्याची सवय यांमुळे बहुतेक वेळा झुंजीची पाळीच येत नाही. वाघ गव्याचीही शिकार करतो, पण समोरून आव्हान देऊन नव्हे. दबा धरून, शक्यतो पाठीमागून किंवा बाजूने, आणि वासरू किंवा एकटे जनावर हेरून. कळपाने तोंड वळवले तर तो निघून जातो. याला आपण हरणे म्हणायचे काय?

ताडोब्याची चित्रफीत

विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोब्यात, फेब्रुवारी २०१८ च्या अखेरीस वाघ आणि अस्वल यांची झटापट पर्यटकांसमोर घडली. तिची चित्रफीत देशभर पाहिली गेली. पाणवठ्यावर पिल्लासह आलेली अस्वलाची मादी आणि 'मटकासुर' नावाने ओळखला जाणारा नर वाघ यांची गाठ पडली. वाघाने तिला खाली दाबले, चावे घेतले. ती डरकाळत उठली, पुन्हा अंगावर गेली. शेवटी वाघ बाजूला झाला आणि अस्वल पिल्लासह निघून गेले.

"कोण जिंकले?" यावर मोठी चर्चा झाली. आमच्या मते चित्रफितीचा खरा धडा वेगळा आहे. वजनात वाघ दुपटीहून जड, हत्यारे त्याची सरस. तरीही माघार त्याने घेतली. कारण दोघांनी पणाला लावलेल्या गोष्टी समान नव्हत्या. रिचर्ड डॉकिन्स आणि जॉन क्रेब्ज यांनी १९७९ मध्ये हे तत्त्व मांडले : ससा जिवासाठी धावतो, कोल्हा केवळ जेवणासाठी. अस्वल पिल्लासाठी लढत होते. वाघाला मात्र सांबर, चितळ, रानडुक्कर असे पर्याय होते.

जखमेचे गणित

जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी १९७३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्राण्यांच्या झगड्याचे गणित मांडले. ते फळ्यावर सहज करता येते. समजा, एका वस्तूवर दोन प्राण्यांचा डोळा आहे. ती मिळाली तर १० गुणांचा लाभ. झुंजीत जबर जखम झाली तर ४० गुणांचा तोटा. दोघेही अखेरपर्यंत लढणारे असतील, तर प्रत्येकाला निम्म्या वेळा १० मिळतील आणि निम्म्या वेळा ४० जातील. सरासरी उणे १५. याउलट सगळेच माघार घेणारे असतील, तर त्यांत शिरलेला एखादा लढवय्या दर वेळी पूर्ण १० गुण घेऊन जाईल. म्हणून दोन्ही टोके टिकत नाहीत. लढण्याचे प्रमाण लाभ भागिले तोटा, म्हणजे १०/४०, एक चतुर्थांशाशी स्थिरावते. जखमेची किंमत जितकी मोठी, तितकी झुंज विरळ.

हे गणित मुळात एकाच जातीच्या प्राण्यांसाठी आहे. पण जखमेची किंमत सर्वांनाच मोजावी लागते. जिम कॉर्बेटने लिहिलेल्या मुक्तेसरच्या नरभक्षक वाघिणीचे उदाहरण घ्या. साळिंदराशी झालेल्या झटापटीत तिचा एक डोळा गेला, पुढच्या पायात पन्नासेक काटे रुतले. नेहमीची शिकार करता येईना आणि ती माणसांकडे वळली. साळिंदराचे वजन वाघिणीच्या दहाव्या हिस्स्याइतके! दात आणि पाय शाबूत राहिले तरच उद्याची शिकार, हे वाघाच्या जगण्याचे सूत्र आहे. जो दर वेळी लढला, त्याची संतती फारशी उरली नसेल.

हे शिकवायचे कशासाठी?

मार्च-एप्रिलमध्ये मेळघाटात मोह फुलतो. फुले रात्री गळतात आणि पहाटे बायामुले ती वेचायला जातात. अस्वलालाही मोहाची फुले अत्यंत प्रिय. या वेळी अचानक गाठ पडली की अस्वल चेहऱ्यावर, डोक्यावर हल्ला करते आणि माणसे कायमची जायबंदी होतात. ज्या मुलाच्या डोक्यात 'वाघ पहिला, अस्वल दुसरे' अशी क्रमवारी बसली आहे, ते अस्वलाला कमी धोकादायक समजण्याचा संभव आहे.

अस्वलाचे वागणे समजलेले मूल असे समजणार नाही. वारुळे उकरण्यासाठी अस्वलाची नखे लांब झालेली आहेत. मादी पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते. वाघाच्या मुलखात तिला वेगाने पळून सुटता येत नाही, आणि बिबट्या तर झाडावरही येतो. म्हणून पळण्यापेक्षा अंगावर धावून जाणे हा तिचा बचाव बनला असावा, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. ताडोब्यात वाघासमोर दिसले ते हेच, आणि मोहाखाली माणसासमोर घडते तेही हेच. अस्वलाला जिंकायचे नसते, आपल्याला दूर करायचे असते. म्हणून चांगले उजाडल्यावर, चारचौघांनी मिळून, बोलत-आवाज करत जाणे आणि पिल्लू दिसले तर आल्या पावली मागे फिरणे, हे शहाणपण त्या प्रश्नातूनच निघते.

तेव्हा शिक्षकमित्रांनो, पुढच्या वेळी वर्गात हा प्रश्न आला की तो उडवू नका. उलट चार प्रश्न विचारा : या दोघांची गाठ कोठे पडेल? प्रत्येकाला काय मिळवायचे आहे? जखम झाली तर कोणाचे किती बिघडेल? आणि माघारीची वाट मोकळी आहे का? वरच्या वर्गाने ताडोब्याची चित्रफीत पाहून प्रत्येक हालचालीसमोर 'पुढे', 'मागे' आणि 'थांबला' अशी नोंद करावी. अशी नोंद करता करता मुलांच्याच ध्यानात येईल की 'कोण जिंकेल' यापेक्षा 'कोण केव्हा लढणे टाळतो' हा प्रश्न अधिक अवघड आणि जास्त उपयोगाचा आहे.