अध्यक्ष महोदय, समोर कोण बसलंय?

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जेऊरहून पुतणीचा व्हॉइस मेसेज आला. "काका, एक ऑगस्टचं भाषण लिहून द्या की. तीन मिनिटांचं, अण्णाभाऊंवर. आणि जरा भारी शब्द टाका."

मी पुण्यात एका ऑनलाइन मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून बसलो होतो. चॅटबॉटला एक ओळ टाकली, अर्ध्या मिनिटात भाषण तयार. कॉपी, पेस्ट, सेंड. संध्याकाळी तिचा फोन आला: "हे तर आमच्या वर्गात दोघींकडं आहे."

शब्दाला शब्द तेच नव्हतं, पण भाषण तेच होतं. मला ते ओळखीचं वाटायला हवं होतं, कारण आठवीत असताना त्याच गावात मी तेच भाषण केलं होतं. फक्त माझ्या भाषणात टिळक होते. 1 ऑगस्ट 1920 ला टिळक गेले आणि त्याच दिवशी वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले, त्यामुळे महाराष्ट्रातल्या शाळांत एकाच सकाळी दोघांवर भाषणं होतात. टिळकांच्या वाट्याला शेंगांची टरफलं येतात, अण्णाभाऊंच्या वाट्याला दीड दिवसाची शाळा. मी टरफलांपर्यंत नीट गेलो आणि पुढचं वाक्य डोक्यातून गेलं. "टरफलं" हा शब्द तीनदा म्हणालो. मागून कुणीतरी "उचल मग" म्हणालं आणि सगळी शाळा हसली. त्यानंतर बरीच वर्षं मी माइकला हात लावला नाही. आजही ऑफिसात प्रेझेंटेशन देताना मी स्लाइडवरचं वाचून दाखवतो.

तेव्हा वाटलं होतं की माझं पाठांतर कच्चं आहे. आता वाटतं, त्या भाषणात विसरण्यासारखंही काही नव्हतं. शालेय वक्तृत्वाला आपण साहित्यप्रकार मानत नाही. पण गावाकडच्या बहुतेक मुलांनी आयुष्यात चारचौघांसमोर उच्चारलेला पहिला लांबलचक मजकूर तोच असतो. त्याची रचना ठरलेली: व्यासपीठाला वंदन, गुरुजनवर्ग, बालमित्र, मग एक चारोळी, जन्म, आईचं नाव, वडिलांचं नाव, एक प्रसंग, विशेषणांची माळ, पुन्हा चारोळी, आणि "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो." गुण असतात आवाजाला, हावभावाला, पाठांतराला. मुलीला सांगायचं काय होतं, याला गुण नसतात. समोर पाचवीची पोरं असोत की जिल्हा पातळीचे परीक्षक, मजकूर तोच. टिळकांच्या जागी अण्णाभाऊ टाकले तरी चालतं, हा तर त्याचा सगळ्यात मोठा दोष. आमच्या धंद्यात याला टेम्प्लेट म्हणतात, आणि टेम्प्लेट भरायचं काम मशीन आपल्यापेक्षा बरं करतं. मुलीला चॅटबॉटनं फसवलं असं मी म्हणणार नाही. आपण पन्नास वर्षं जे मागत आलो, तेच त्यानं दिलं.

भाषण कसं तयार करतात हे मला कळलं ते एका न झालेल्या भाषणातून. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळानं 1936 च्या वार्षिक परिषदेसाठी डॉ. आंबेडकरांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. त्यांनी भाषण लिहून पाठवलं. मंडळातल्यांना काही भाग खटकला, तेवढा गाळा म्हणाले. आंबेडकरांनी कळवलं की स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद रद्द झाली. मग त्यांनी स्वतःच्या खर्चानं ते छापलं. पहिल्या आवृत्तीच्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. मराठीत ते 'जातिप्रथेचे विध्वंसन' या नावानं आपल्याला माहीत आहे.

ते मी पुणे–जेऊर प्रवासात फोनवर, मूळ इंग्रजीतून वाचलं. विचारांसाठी ते पुस्तक वाचणारे पुष्कळ आहेत. मी इथं त्याच्याकडे फक्त भाषण म्हणून बघतोय, म्हणजे समोर माणसं बसणार आहेत हे धरून लिहिलेला मजकूर म्हणून.

सुरुवातच बघा. मला बोलावून तुम्ही अडचणीत आला आहात, असं ते यजमानांना सांगतात. मुंबईचा माणूस लाहोरला अध्यक्ष कशाला, त्यातही हिंदूंवर टीका करणारा, गांधींनाही न सोडणारा, हे प्रश्न तुम्हाला विचारले जाणार. मग ते रामदासांचा दाखला देतात: अंत्यज विद्वान असला तरी त्याला गुरू करावं का, यावर दासबोध नाही म्हणतो. म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात जी कुजबुज चालू असणार, ती वक्ता आधी स्वतःच मोठ्यानं बोलून टाकतो. लाहोरच्या लोकांना रामदास माहीत नसतील, म्हणून ते कोण हेही सांगून ठेवतो. "आदरणीय व्यासपीठ" म्हणण्यापेक्षा हा समोरच्याचा जास्त खरा आदर आहे, असं मला वाटतं.

त्यानंतर सामग्री. राजकीय सुधारणा आधी की सामाजिक, हा मुद्दा आहे. पण तो प्रसंगांतून येतो. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्यांच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू. इंदूर भागातल्या बलाई लोकांवर कपडे-दागिन्यांवरून लादलेले नियम, तेही 1928 च्या टाइम्स ऑफ इंडियातल्या बातमीवरून. गुजरातेतल्या कविठा गावात मुलांना शाळेत घालण्यावरून झालेला छळ. जयपूर संस्थानातल्या चकवाऱ्यात जेवणावळीत तूप वाढलं म्हणून झालेला हल्ला. ही घटना तर तेव्हा अगदी ताजी होती. म्हणजे हा माणूस कात्रणं जपत होता. आणि कात्रणं संपली की एकच प्रश्न पाच वेळा येतो: आपल्याच देशबांधवांना तुम्ही सार्वजनिक शाळा वापरू देत नाही, तरी तुम्ही सत्तेला लायक आहात का? मग शाळेच्या जागी विहीर येते, मग रस्ता, मग कपडे-दागिने, मग अन्न. प्रश्न तोच, जागा बदलते. डोळ्यांनी वाचताना ही पुनरुक्ती वाटते. मी डब्याच्या दाराशी उभं राहून, गाडीच्या आवाजात पुटपुटून पाहिलं. तिसऱ्या वेळी आपण प्रश्न येण्याआधीच खाली बघायला लागतो.

याच भागात सामाजिक परिषदेचा मंडप जाळण्याच्या धमकीचाही उल्लेख येतो. ते 1895 चं पुणं. काँग्रेसचा मंडप परिषदेला द्यायला ज्यांचा विरोध होता, त्या बाजूला टिळक होते. एक ऑगस्टच्या कुठल्याही भाषणात मी हा मंडप ऐकलेला नाही. सगळ्या सकाळी टरफलंच पडतात.

हे भाषण निर्दोष आहे असं नाही. सव्वीस भाग आहेत. मधला वंश आणि आनुवंशिकतेचा युक्तिवाद बरोबर असला तरी कानांना जड जातो, मोठमोठे विद्वान एकामागून एक साक्षीला येतात, आणि मे महिन्यातल्या लाहोरात कुणी तो मंडपात बसून पुरता ऐकला असता का, याची मला शंका आहे. शेवटी तेच कबूल करतात की भाषण फार लांबलं. मला हा दोषही आवडतो. त्यांना वेळेपेक्षा मुद्दा महत्त्वाचा वाटला. टाळ्यांसाठी कुठे थांबलेत असं कुठेच दिसत नाही.

शनिवारी घरी गेलो. पुतणीला हे सगळं सांगायला लागलो तर ती म्हणाली, "काका, तीन मिनिटं आहेत." बरोबरच होतं. मग आम्ही एवढंच केलं: समोर कोण बसणार त्याची यादी. पाचवी ते दहावी, बाई, सर, दोन-तीन पालक. यांना काय माहीत आहे? दीड दिवसाची शाळा सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ती गेली. अण्णाभाऊ लहानपणी घरच्यांबरोबर वाटेगावाहून मुंबईला पायी गेले, हेही माहीत असतं. पण ते अर्ध्या वाक्यात उरकतात. तिथं ती थांबली. म्हणाली, "आपल्या स्टेशनावरून मुंबईची गाडी जाती की."

त्यावरून तिची सुरुवात तयार झाली. तिनं लिहिली, मी फक्त तीन विशेषणं काढली. जेऊरच्या फलाटावर उभं राहून मुंबईच्या गाडीला हात करणारी पोरं, आणि तिकिटाचे पैसे नाहीत म्हणून तीच मुंबई चालत गाठणारं एक पोरगं. मग गिरणगाव, मग 'फकिरा', मग 1958 च्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन, जिथं त्याच पोराचं भाषण ऐकायला माणसं जमली होती. अडलं की आठवायचं वाक्य नव्हतं, पुढचं ठिकाण होतं. वाटेगाव, मुंबई, संमेलन. ती एकदाही अडली नाही. वहिनीनं व्हिडिओ पाठवला, त्यात पुढच्या रांगेतली बारकी पोरं गप्प आहेत. एवढं मी झूम करून बघितलं.

नंबर आला नाही. परीक्षकांनी सांगितलं म्हणे, हावभाव कमी, शेवट केला नाही. खरंच केला नव्हता. "एवढे बोलून" आम्ही मुद्दाम गाळलं होतं. दादा फोनवर तडकला, "तुझ्या नादात पोरीचा नंबर गेला. जिंकल्यावर शिकवायचं होतंस." त्याचंही चूक नाही. बक्षिसाची वही तिला हवी होती, मला नव्हे.

परवा पुन्हा मेसेज आलाय. तीन जानेवारी, सावित्रीबाई, चार मिनिटं. "काका, या वेळी हातवारे पण करू. पण सुरुवात मी सांगते तीच."